डोक्याला चेंडू लागल्यास: सर्व खेळाडूंना सूचना
मंडळी, रविवारी सड्यावरच्या मॅचमध्ये आपल्या एका पोराच्या कानामागे चेंडू बसला. 'काय नाय झाला' म्हणत तो पुन्हा उभा राहिला आणि अर्ध्या तासात काजूखाली जाऊन ओकला. चेंडू लागला तेव्हाच त्याला बाहेर बसवायला हवं होतं.

यापुढे डोक्याला मार लागला की खेळाडू त्या दिवसापुरता बाहेर, मग फायनल का असेना. आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामन्यांतही २०१९ पासून अशा वेळी बदली खेळाडू मिळतो.

शुद्ध हरपली किंवा मान दुखत असेल तर त्याला हलवू नका, हेल्मेट ओढू नका, तोंडात पाणी ओतू नका. लगेच १०८ लावा. नुसतं टेंगूळ असेल तर जेटीवरचा बर्फ फडक्यात गुंडाळून धरा. रात्री घरी एकटं ठेवू नका. उलटी, गुंगी, आकडी, बोबडं बोलणं किंवा वाढती डोकेदुखी दिसली की थेट हॉस्पिटल.