काकूंच्या मशीनबद्दल

मिरज
रविवार, रात्री

विन्या लेका,

परवा फोनवर काकूंच्या बायपॅपवरून, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणाऱ्या मशीनवरून, तू तापलेला होतास, म्हणून बोलणं अर्धवटच राहिलं. "आईला श्वास सोडता येत नाही असं तुम्हीच म्हणता, आणि वर तोंडावर मास्क आवळून आणखी हवा कोंबता, हे कसलं औषधपाणी?" असं तू विचारलंस. शंका रास्त आहे. आमच्या आयसीयूत नव्यानं आलेली फिजिओथेरपीची पोरंही नेमकी इथंच अडखळतात. उत्तर फोनवर मावणारं नाही, म्हणून लिहायला बसलो.

काकूंनी विडीला कधी हात लावला नाही, पण लग्न होऊन आल्यापासून त्या चुलीपुढंच बसल्या. तुरकाट्या, शेणी, पावसाळ्यात ओलं जळण. त्या धुरानं फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजतात, कफानं भरतात आणि फुप्फुसाचा ताणून परत आकसायचा गुण कमी होतो. सीओपीडी म्हणतात तो फुप्फुसाचा जुनाट आजार हाच. श्वास घेताना छाती फुगते तेव्हा नळ्याही ओढल्या जाऊन उघड्या राहतात. सोडताना मात्र त्या मिटतात. हवा पुरती बाहेर पडायच्या आतच पुढचा श्वास घ्यायची वेळ येते. मग छाती कायम फुगलेली राहते, खालचा पडदा दबून सपाट होतो आणि सपाट पडद्याच्या अंगात ओढायचा जोर उरत नाही.

आता खरी मेख ऐक. श्वास सोडून झाल्यावर तुझ्या-माझ्या फुप्फुसात बाहेरच्या हवेपेक्षा जादा दाब शून्य असतो, जरा ओढलं की हवा आत येते. काकूंच्या फुप्फुसात कोंडलेल्या हवेचा दाब शिल्लक राहतो. समज, ८ सेंटिमीटर पाण्याइतका. हवेचा एक थेंबही आत यायच्या आधी त्यांना ते ८ ओढून शून्यावर आणावे लागतात. प्रत्येक श्वासाला, दिवसरात्र. मानेच्या शिरा ताठतात ना त्यांच्या, ते त्या फुकट जाणाऱ्या मेहनतीमुळं. तू त्यांना 'श्वास सोडता येत नाही' म्हणतोस ते खरं, पण त्या दमतात मुख्यतः श्वास घेताना.

तू पाठवलेल्या मशीनच्या फोटोत दोन आकडे आहेत, १८ आणि ६, तेही सेंटिमीटर पाण्यातच. यातला ६ हा श्वास सोडतानाही मास्कमध्ये राहणारा दाब. आत ८ आणि बाहेर ६ असले की काकूंना ओढायचे राहतात फक्त २. आता तू म्हणशील, बाहेरून ६ लावले म्हणजे हवा आणखी कोंडणार. नाही कोंडत. आपल्या नदीवरचा बंधारा आठव. बंधाऱ्याखालचं पाणी वाढलं तरी ते बंधाऱ्याच्या माथ्याला टेकेपर्यंत वरच्या बाजूच्या पाण्याला काही फरक पडत नाही. मिटणाऱ्या नळ्या म्हणजे तो बंधारा. म्हणूनच बाहेरचा दाब आतल्यापेक्षा थोडा कमी ठेवायचा असतो, माथ्यावरून गेला तर मात्र तुझी भीती खरी ठरेल. आकडे मनानं फिरवू नकोस म्हणतो ते एवढ्यासाठी.

काकू बसल्या बसल्या ओठांचा चंबू करून हळू फुंकर घालतात, बघितलंस कधी? त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तोंडाशी थोडा अडथळा केला की मागच्या नळ्या उशिरा मिटतात, हे शरीर आपलं आपण शोधून काढतं.

मग १८ कशाला? काकू ओढायला लागल्या की मशीन ते ओळखतं आणि दाब ६ वरून १८ वर नेतं. श्वास भरत आला की परत ६. पाण्यात नळी १८ सेंटिमीटर बुडवून बुडबुडे काढायला जेवढं फुंकावं लागेल तेवढाच हा जोर. पण त्यानं श्वास मोठा होतो, दमलेल्या स्नायूंना विसावा मिळतो. मोठा श्वास मिळाला की मिनिटाला ३० वेळा धापा टाकणारं माणूस २० वर येतं. गती उतरली की सोडायला वेळ जास्त मिळतो आणि कोंडलेली हवा बाहेर पडायला लागते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. त्यासोबत कार्बन डायऑक्साइडही उतरतो. तो साठला म्हणूनच काकू त्या दिवशी बरळत होत्या, झोपेतून उठत नव्हत्या.

हे नवं खूळ नाही. १९९५ साली युरोपातल्या डॉक्टरांनी अशाच बिघडलेल्या ८५ रुग्णांचा अभ्यास छापला. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांच्या घशात नळी घालावी लागली, मास्कवाल्यांपैकी २६ टक्के. मृत्यू २९ टक्क्यांवरून ९ वर आले. तुझा शेजारी म्हणतो ना, "एकदा मशीन लागलं की सुटत नाही", त्याला सांग, घशात नळी घालून चालवायचं मोठं मशीन, व्हेंटिलेटर, लागू नये म्हणूनच हे लावतात.

घरी कायम ठेवायचं का, हा प्रश्न वेगळा, आणि इथं मी सरसकट हो म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये ११६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात नुसत्या ऑक्सिजनवर असलेले साधारण १.४ महिन्यांत पुन्हा दवाखान्यात आले किंवा दगावले, ऑक्सिजनसोबत रात्री मशीन लावणाऱ्यांवर ती वेळ ४.३ महिन्यांनी आली. पण त्यांनी माणसं निवडून घेतली होती, आजार निवळून दोन-चार आठवडे झाल्यावरही ज्यांच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड ५३ मिलिमीटर पाऱ्याच्या वर होता अशीच. नेदरलँड्समध्ये दवाखान्यातून निघतानाच मशीन दिलं, तर फारसा फायदा दिसला नाही. काहींचा कार्बन डायऑक्साइड आपोआप उतरतोच. तेव्हा डिस्चार्जनंतर दोन ते चार आठवड्यांत धमनीतल्या रक्ताची तपासणी, एबीजी, पुन्हा करून घ्यायची. ती सुई दुखते, काकू कुरकुरतील, तरी करायची. आणि फुप्फुसं यानं नवी होत नाहीत, हे तू मनाशी धरून ठेव.

आता मास्क. मशीन आणून देणाऱ्यानं पट्टे करकचून आवळून दिलेत, फोटोत काकूंच्या नाकाचं हाड लाल दिसतंय. पट्ट्याखालून दोन बोटं गेली पाहिजेत. डोळ्यांकडं झोत यायला नको, बाकी थोडी गळती मशीन सांभाळतं. कवळी लावूनच मास्क चढव, नाहीतर गाल बसतात आणि कडा चिकटत नाही. आणि ती बारीक भोकं! "इथून हवा जातीय" म्हणून चिकटपट्टी लावणारे महाभाग मी पाहिलेत. सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो. ती बुजली तर काकू आपलाच कार्बन डायऑक्साइड परत ओढत बसतील.

पहिल्यांदा पट्टे नकोच. दुपारी मालिका बघताना मास्क त्यांच्याच हातात दे, तोंडाशी धरू दे, हवं तेव्हा काढू दे. घुसमट कमी झाली की मग पट्टे. जेवून लगेच लावू नकोस, पोटात हवा जाते. उलटीची भावना झाली तर आधी मास्क काढायचा. छातीत एकदम कळ येऊन धाप वाढली तर मला फोन करत बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ.

ऑक्सिजन बोटाच्या यंत्रावर ८८ ते ९२ दिसेल एवढाच. ९८ दिसलं की घरच्यांना बरं वाटतं, पण अशा रुग्णात जास्तीच्या ऑक्सिजननं कार्बन डायऑक्साइड चढतो.

गुरुवारी येताना मशीनमधलं कार्ड काढून आण. रात्री किती तास लावतात आणि गळती किती, ते त्यात कळतं. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
सुहास

ता. क. काकू संध्याकाळी देवापुढं दिवा लावतातच. ऑक्सिजनची नळी नाकाला असताना निरांजन, उदबत्ती काही नको. त्या खोलीत ते काम तू कर म्हटलं असतं, पण खोलीतच आग नको. बाहेरच्या सोप्यात लाव.