नॉर्मंडी राहू दे, वसई घे

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

अकादमीत तुला एखाद्या मोठ्या मोहिमेवर बोलायचं आहे आणि तू दुसऱ्या महायुद्धातली नॉर्मंडी धरली आहेस, असं बाबांकडून कळलं. नॉर्मंडीवर तुझ्या वर्गातली निम्मी मुलं बोलतील. तू बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा यांची वसईची मोहीम घे. सुरुवातच आपल्या ठाण्यातून आहे.

वसई म्हटलं की लोक एकदम मे १७३९ मधल्या सुरुंगांवर येतात. मला त्याआधीची दोन वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. वसई आणि साष्टी बेट (आज मुंबईची उपनगरं नि ठाणं आहे ते) पोर्तुगीजांकडे होतं, आणि बेट नि मुलूख यांच्यामधली खाडी ठाण्यापाशी चिंचोळी होते. नेमका तिथेच ते नवा किल्ला बांधत होते. आज आपलं सेंट्रल जेल आहे, तोच. तट पुरा व्हायच्या आत, मार्च १७३७ मध्ये, मराठ्यांनी खाडी ओलांडून तो घेतला. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी इथलीच माणसं फितूर जमवत, वाटा नि चौक्यांची खबर देत होती. बाजीराव त्या वेळी दिल्लीच्या रोखाने गेलेले, म्हणजे मोठी फौज इकडे मिळणारच नव्हती. हातात होती ती बातमी आणि वेळ, दोन्ही अप्पांनी नीट वापरली.

पण त्याच वर्षी वसईवरचा हल्ला फसला. केळवे-माहीमलाही (मुंबईचं माहीम नव्हे) आधी मार खाल्ला. हे तुझ्या भाषणात गाळू नकोस, पोरांना नुसते विजय सांगून काय उपयोग? वसईला तीन बाजूंनी पाणी, रसद गलबतांनी यायची; नुसत्या शिड्या लावून ती पडणारी नव्हती. मग आजूबाजूचे आधार तोडायचे ठरलं. १७३८ च्या अखेरीस पोर्तुगीज सेनापती पेद्रो द मेलो आरमार घेऊन ठाणं परत घ्यायला आला आणि तोफेच्या गोळ्याने मारला गेला. जानेवारी १७३९ मध्ये माहीम पडलं, पाठोपाठ तारापूर. तारापूरला आपले सरदार बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. आता वसई एकटी उरली.

फेब्रुवारीत वेढा बसला. त्याच महिन्यात दिल्लीच्या उत्तरेला कर्नालला इराणच्या नादिरशाहाने मोगलांचा धुव्वा उडवला, पुढे तो दिल्लीत शिरला. उत्तरेत आपली फौज हवीच होती, तरी वेढा उठवला नाही. हा निर्णय मला अखेरच्या हल्ल्याहून अवघड वाटतो. तुझं काय मत, ते लिही. बाकी मुंबईकर इंग्रजांचा व्यवहार बघ: चर्चची चांदी तारण घेऊन पोर्तुगीजांना मदत, आणि इकडे मराठ्यांशी गोडीगुलाबी. व्यापारी ते व्यापारीच.

मे महिन्यात सॅन सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग उडाले. एक उशिरा उडाला आणि खिंडाराकडे धावलेली आपलीच माणसं त्यात सापडली. तरी हल्ले चालू राहिले आणि अखेर पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. शिबंदीला शस्त्रांसह, बायकामुलांना सामानासह जाऊ दिलं. अशा अटी देऊन अप्पांनी पुढचं रक्त वाचवलं, असं माझं मत.

आणखी एक. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणं घेतलं आणि साष्टी मराठ्यांच्या हातून गेली. तुला कोणी विचारलं तर हे माहीत असू दे.

नकाशा हाताने काढ. त्यात खाडी आधी काढ, किल्ले नंतर. आणि स्वेटर पाठवला आहे, पोचला की कळव.

तुझी
आई