जिराफाच्या मानेबद्दल, काकूंना

प्रिय काकू,

तुमचा बिस्किटं कापायचा जिराफाचा कटर परत करायचाय. पण तो नुसता हातात ठेवून ‘थँक्यू’ म्हणावं, हे मनाला पटेना. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. त्या दुपारी तुम्ही जे दाखवलंत, ते माझ्यासारख्या कितीतरी जणींना हवं असेल.

लेकीला सहाव्या वाढदिवसाला प्राण्यांची बिस्किटं हवी होती. डायनोसॉर, हत्ती, आणि मुख्य म्हणजे जिराफ. मी तीनदा केली. ओव्हनमध्ये जाताना डायनोसॉर असायचा, बाहेर येताना नुसता ढग. तिसऱ्या वेळी ती काहीच बोलली नाही. ट्रेकडे बघितलं आणि आत निघून गेली. तेव्हा मी तुमचं दार वाजवलं.

तुम्ही आलात, गोळ्यावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, “अगं, हा गरम आहे.” मग सगळं समजावलंत. बटर साधारण 32 ते 35 अंशांलाच वितळतं. गोळा आधीच ऊबदार असला तर ओव्हनमध्ये मैद्याला घट्ट व्हायला वेळच मिळत नाही, बटर आधी पाघळतं आणि आकार त्याच्याबरोबर पसरतो. माझ्या कृतीत चमचाभर बेकिंग पावडरही होती. साध्या गोल बिस्किटाला ती चालते, पण कानाकोपरे असलेल्या आकाराला ती फुगवून बोथट करते. ती तुम्ही काढून टाकायला लावलीत. साखरेऐवजी पिठीसाखर घ्यायला सांगितलंत आणि एक प्रमाण दिलंत, जे आता मी कपाटाच्या दाराला चिकटवलंय: 100 ग्रॅम पिठीसाखर, 200 ग्रॅम बटर, 300 ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ. बटर आणि साखर एकजीव होईपर्यंतच फेटायचं, हलकं होईपर्यंत नाही, कारण आत कोंडलेली हवाही आकार बिघडवते.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती तुमची उलटी रीत. मी गोळा थंड करून मग लाटायला जायचे, आणि तो कडेने तडकायचा. तुम्ही मऊ गोळाच दोन बेकिंग पेपरांमध्ये ठेवून 5-6 मिलिमीटर जाडीचा लाटलात आणि ती पोळी तशीच सपाट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलीत. किती सोपं! कागदामुळे वरून मैदा भुरभुरावा लागत नाही, म्हणून बिस्किट कोरडं होत नाही. आणि लाटताना ताणलेलं पीठ तेवढ्या वेळात सैलावतं, म्हणून कापल्यावर आकसत नाही.

मग जिराफ. कटर मैद्यात बुडवून झटकायचा, सरळ खाली दाबायचा, पिळायचा नाही. आणि आकार उचलायचाच नाही, त्याच्या भोवतालचं पीठ काढून घ्यायचं! हे तुम्ही केलंत तेव्हा लेक स्टुलावर उभी राहून बघत होती. कागदावर जिराफ एकटा उरला, मान ताठ, आणि तिने श्वास रोखून धरलेला. तो कागद तसाच उचलून तुम्ही ट्रेवर ठेवलात आणि ट्रे दहा मिनिटं फ्रीझरमध्ये.

जिराफ आणि हत्ती एका ट्रेवर ठेवायचे नाहीत, हेही तुमचंच. बारीक मान करपते तोवर हत्तीचं पोट कच्चंच असतं. बारीक आकारांचा ट्रे वेगळा ठेवायचा, 175 अंशांवर आठव्या मिनिटापासून बघत राहायचं, आणि कडांना नुसता सोनेरी रंग आला की बाहेर काढायचं. उरलेल्या कातरणांचा पुन्हा गोळा मळू नका, एकावर एक रचून दाबा, आणि तेही एकदाच, असं तुम्ही बजावलंत, कारण मळत राहिलं की बिस्किटं चिवट होतात. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं ट्रेवरच राहू द्यायची, हे मात्र लेकीला फार जड गेलं.

एक गोष्ट तेव्हा बोलायची राहून गेली. सगळं तुम्ही तुमच्या हातांनी पटापट उरकू शकला असतात. पण पहिला जिराफ तुम्ही केलात, दुसरा माझ्याकडून करून घेतलात आणि तिसरा तिच्याकडून. तिच्या जिराफाचा एक पाय जरा वाकडा झाला. तो तुम्ही सरळ केला नाहीत, “हा चालायला निघालाय” म्हणालात. वाढदिवसाला तिने सगळ्यांना आधी तोच दाखवला.

कटर पत्र्याचा आहे, म्हणून धुऊन, पुसून, बंद केलेल्या ओव्हनच्या उरल्या उबेत वाळवलाय. कोपऱ्यांत पाणी राहिलेलं नाही, मी बोट फिरवून पाहिलंय. डब्यात सात जिराफ आहेत. सगळ्यांच्या माना शाबूत आहेत. एकाचा पाय वाकडा आहे, तो तिने तुमच्यासाठी मुद्दाम तसा केलाय.

तुमची,
समोरच्या दारातली