कोर्टाला सुट्टी दे

साऊथफील्ड्स, लंडन
१७ मे २०२६

प्रिय अव्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आपल्या क्लबच्या टेनिसची जबाबदारी तुझ्याकडे आली हे वाचून फार बरं वाटलं. पण कमिटीने दसऱ्याच्या आठवड्यातच ओपन टुर्नामेंट ठेवायचं ठरवलंय, हे वाचलं आणि धस्स झालं. अधिक महिन्यामुळे दसरा यंदा उशिरा, २० ऑक्टोबरला आहे, तोवर कोर्ट तयार होतीलच, असा त्यांचा हिशोब आहे ना? परतीचा पाऊस पंचांग बघून थांबत नाही रे. मागच्या वर्षी ओल्या मातीवर खेळून उत्तरेकडच्या बेसलाइनला, कोर्टाच्या मागच्या रेषेला, खड्डा पडला. तो अजून भरलेला नाही, असं तूच लिहिलंयस.

'विम्बल्डनवाले काय करतात ते सांग' म्हणालास. मी इथून पंधरा मिनिटांवर राहतो. येता-जाता भिंतीपलीकडची हिरवळ दिसते, कुंपणाशी थांबून बघतो, टूर दोनदा केलीय. तेव्हा जे बघितलं आणि वाचलं ते सांगतो.

पहिली गोष्ट. सेंटर कोर्टवर, म्हणजे तिथल्या मुख्य कोर्टवर, वर्षातून जेमतेम दोन आठवडे खेळतात. विम्बल्डनच्या क्लबच्या सभासदांना मे ते सप्टेंबर गवताची बाकीची कोर्टं मिळतात, पण सेंटर कोर्ट आणि इतर मोठी कोर्टं फक्त स्पर्धेसाठी. स्पर्धेआधीच्या शनिवारी क्लबच्या चार महिला सभासद तिथे डबल्स खेळायच्या, कोर्ट जरा पायाखाली यावं म्हणून, अशी जुनी प्रथा. मला ही प्रथा फार आवडते. नव्या जात्यावर आधी कोंडा दळून घेतात ना, तसं.

एकदा ऑगस्टमध्ये पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन टूरला गेलो होतो. मावशी आत आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे काय!" गवत नव्हतंच. स्पर्धा संपली की वरचा थर खरवडून काढतात, नवी माती पसरतात, नवं बी पेरतात. आम्ही गेलो तेव्हा तपकिरी मातीवर नुसती लव फुटली होती. पेरणीनंतर आठवड्याभराने रान दिसतं ना, अगदी तशी. टीव्हीवर जग बघतं त्या कोर्टाला ते दरवर्षी असं उघडं करून पुन्हा मुळापासून उभं करतात. मी बराच वेळ तिथून हललो नाही.

बी एकाच जातीचं, रायग्रासचं. २००१ पासून शंभर टक्के तेच. त्याआधी त्यात तीस टक्के फेस्क्यू नावाचं गवत असे. रायग्रास चिवट, बुटांचा मार जास्त सोसतं. थंडीत गवत १३ मिलिमीटरवर ठेवतात, वसंतात हळूहळू खाली आणून स्पर्धेला ८ मिलिमीटर. ही उंची १९९५ पासून ठरलेली. खालची माती चिकण, आपल्या काळ्या रानासारखी आवळून बसणारी. रोलर फिरवून आणि पाणी मोजून देऊन ती इतकी टणक करतात की चेंडू दगडावर पडल्यासारखा उसळतो.

आता तुझ्या कामाचं. स्पर्धेच्या दिवसांत तिथे रोज गवत कापतात, रोज रोलर, रोज रेषा. त्याशिवाय रोज मोजमाप होतं. ठराविक उंचीवरून वजन टाकून जमीन किती घट्ट आहे ते बघतात, चेंडू टाकून उसळी बघतात, गवत किती झिजलं तेही. हे वाचताना मला आपली मातीची कोर्टं राखणारे मार्करमामा आठवले. पाऊस उघडला की अनवाणी कोर्टावर जायचे, बेसलाइनजवळ उकिडवे बसून अंगठा दाबायचे. ठसा उमटला की गेटला कुलूप! आपण रॅकेट घेऊन बाहेर तिष्ठत बसायचो, प्रेसिडेंट आले तरी मामा चावी काढत नसत. अंगठा काय आणि ते वजन काय, प्रश्न एकच. तू ती अंगठ्याची रीत लेखी नियम म्हणून लाव. कुलूप उघडायचा अधिकार मार्करचा, कमिटीचा नाही.

झीज कुठे होते तेही सांगतो. गेल्या वर्षी मी दोनदा बाहेरच्या कोर्टांवर बसलो, पहिल्या मंगळवारी आणि दुसऱ्या आठवड्यात. मंगळवारी बेसलाइनपर्यंत गवत हिरवंगार, जरा निसरडं, खेळाडू पाय जपून टाकत होते. दुसऱ्या खेपेला मधल्या खुणेच्या दोन्ही बाजूंना घोड्याच्या टापेएवढे डाग एकमेकांत मिसळून पट्टाच झालेला. फिकट, भाजल्यासारखी माती, आणि सर्व्हिसच्या उडीनंतर तिथून धुरळा उठायचा. नेटजवळचं गवत मात्र जसंच्या तसं. पूर्वी सर्व्ह-व्हॉलीच्या, म्हणजे सर्व्हिस करून लगेच नेटकडे धावायच्या काळात नेटपर्यंत वाट पडायची, आता सगळे मागूनच खेळतात. म्हणून म्हणतो, तुझी माती आणि मेहनत आधी बेसलाइनला घाल. पूर्ण कोर्ट एकसारखं करत बसू नकोस.

२०१२ चं तर विशेष. विम्बल्डन ८ जुलैला संपलं आणि ऑलिंपिकचं टेनिस त्याच गवतावर २८ जुलैला सुरू झालं. मध्ये वीस दिवस. आधीच मोड आणलेलं बी पेरून त्यांनी बेसलाइन हिरव्या केल्या. कमिटीत कुणी हे उदाहरण दिलं तर सांग की त्यामागे वर्षभराची तयारी आणि चाचण्या होत्या, शिवाय कोर्ट मुळात सुदृढ होतं. आपल्याकडे पावसाने भिजून फुगलेल्या लाल मातीला कुठले मोड आणणार? तिला ऊन आणि वाराच लागतो. मग मुरूम-मातीचा पातळ थर, पाणी, रोलर, गोणपाट, आणि पुन्हा तेच. मामांना यासाठी निदान तीन आठवडे लागायचे. तुळशीचं लग्न होऊन जाऊ दे, नोव्हेंबरअखेर ठेव. थंडी पडलेली असेल, मुलांची दिवाळीही झालेली असेल.

इथल्या कोल्ह्यांची गंमत राहिलीच. रात्री कोल्हे आत शिरतात, त्यांच्या मुताने गवत जळतं, म्हणून सेंटर कोर्टभोवती विजेचं कुंपण घालतात. कबुतरांसाठी रुफस नावाचा ससाणा आहे, पहाटे घिरट्या घालतो.

यंदा स्पर्धा २९ जून ते १२ जुलै. आदल्या आठवड्यात रोहॅम्प्टनला पात्रता फेरी, ती बघायला मी दरवर्षी जातो. कोर्टाला लागून बसता येतं, रॅकेटचा आवाज छातीत घुमतो. विम्बल्डनच्या समोरच्या जुन्या गोल्फ कोर्सवर गवताची अडतीस नवी कोर्टं आणि आठ हजार प्रेक्षकांचं एक मोठं कोर्ट करायचं क्लबच्या मनात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हापासून इथले रहिवासी कोर्टकचेऱ्या करतायत. जुन्या झाडांसाठी माझाही जीव तुटतो, त्यामुळे मी त्यांच्या बाजूने सही केलीय.

तू ४ जुलैला उतरणार, म्हणजे स्पर्धेतला मधला रविवार गाठता येईल. २०२१ पर्यंत त्या दिवशी सहसा कोर्टांना विश्रांती असायची, आता खेळ असतो. मला ती सुट्टी जायला नको होती. असो, सोमवारी पहाटे विम्बल्डन पार्कमध्ये रांगेत उभं राहू. सेंटर कोर्टची पाचशे तिकिटं रांगेतल्यांसाठी असतात, ती नाही मिळाली तर बाहेरची कोर्टं आहेतच. रांगेत क्रमांकाचं कार्ड मिळतं, ते हरवू नकोस. छत्री, टोपी आणि स्वेटर, तिन्ही आण.

तुला ती बेसलाइन आणि कडेचं गवत दाखवायचंय. लीला रावांनी १९३४ मध्ये या स्पर्धेत सामना जिंकला, इथे जिंकणारी पहिली भारतीय बाई. संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा रावांची लेक. त्यांची आठवण आपण दोघांनी तिथे उभं राहून काढायची.

कमिटीची बैठक २४ तारखेला ना? हे पत्र खुशाल वाचून दाखव. मामांचा मोबाइल नंबर माझ्याकडचा बंद लागतो, नवा पाठव. आईंना नमस्कार, आणि येताना त्यांच्या हातची शेंगदाण्याची चटणी आण, गच्च डबाभर.

तुझा,
बंड्या