लोकवर्गणी कुठून आणायची, मंत्रीमहोदय?

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये आमच्या जिल्हा परिषद शाळांत प्रवेशोत्सव झाला. पहिलीच्या मुलांना फुले दिली, फोटो काढले. बिल थकल्यामुळे वीज तोडलेल्या शाळांतही तो साजरा झाला. तिथला डिजिटल वर्गाचा पडदा पुसून ठेवण्यापुरताच आहे.

‘समग्र शिक्षा’ या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेतून शाळेला वर्षाच्या खर्चासाठी मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. लहान शाळेच्या हाती उरतात ९,०००, म्हणजे महिन्याला ७५०. त्यातच वीजबिल, खडू, हजेरीपत्रके, नळदुरुस्ती. मे महिन्यात शाळा बंद असली तरी मीटरचा स्थिर आकार सुटत नाही. एखादे मूल आईबापांबरोबर ऊसतोडीला गेले आणि नाव कमी झाले, की ३१ चा पट ३० होतो आणि १५,००० रुपये जातात. छप्पर मात्र तेवढेच राहते.

छपराचेच घ्या. पत्रा धरून ठेवणाऱ्या आकड्याच्या बोल्टखालचा (जे-बोल्ट) डांबरी वायसर उन्हाने तडकतो. पहिल्या पावसात पाणी बोल्टवरून उतरते, भोक गंजून मोठे होते, मग अख्खा पत्रा बदलावा लागतो. वायसर मे महिन्यात बदलला तर काम किरकोळ आहे. पण पैसे येतात मार्चच्या तोंडावर. शाळेचे खाते शून्य शिलकीचे, म्हणजे शाळेला फक्त खर्चाची मर्यादा मिळते; ३१ मार्चपर्यंत न खर्चलेली रक्कम परत जाते. व्यवस्थापन समितीचा ठराव, दरपत्रके, देयक ऑनलाइन चढवणे, हे सगळे उरकेपर्यंत हाती आठ दिवस राहतात. आठ दिवसांत गवंडी मिळत नाही, रंगाचे डबे मिळतात. म्हणून भिंती रंगतात आणि छप्पर गळते. दोनशिक्षकी शाळेत ही कागदपत्रे करणारे गुरुजी तेवढा वेळ वर्गाबाहेर असतात, तो हिशेब कोणी धरत नाही.

यावर तुमच्या खात्याचे उत्तर ठरलेले: लोकसहभाग वाढवा. लोकवर्गणी जिथे लोकांकडे पैसा आहे तिथेच गोळा होते. कंपन्यांच्या सामाजिक निधीचेही तेच. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ कंपनी जिथे काम करते तिथल्या आणि आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगते. औद्योगिक वसाहतीशेजारच्या शाळेत बाके, संगणक, पाण्याचे यंत्र येते. वाडी-तांड्यावर कारखाना नाही, म्हणून काहीच येत नाही. दोन्ही शाळा जिल्हा परिषदेच्याच, आणि ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळते. हे आम्हांला सहन होत नाही.

कायदा तर स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार समितीने केलेला शाळा विकास आराखडा हाच अनुदानाचा आधार असला पाहिजे. समित्या आराखडे करतात, ते फायलीत जातात आणि पैसे पुन्हा पटाच्या कोष्टकावरूनच येतात. मग तीन-तीन वर्षांचे आराखडे मागवता कशाला? कोठारी शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये शेजारशाळा सुचवली, ती गरीब-श्रीमंत सगळ्यांची मुले एकत्र शिकावीत म्हणून. एकामागून एक सरकारांनी ती फक्त गरिबांची शाळा करून ठेवली आणि तिचा खर्चही गरिबांवरच टाकला.

वीजबिल शाळेच्या अनुदानातून काढून शासनाने थेट भरावे. पट कितीही असो, इमारतीच्या देखभालीची रक्कम वेगळी आणि एप्रिलमध्येच द्यावी. ज्या गावात वर्गणी जमत नाही, तिथे अनुदान जास्त असावे. आणि गेल्या ३१ मार्चला कोणत्या शाळेच्या खात्यातून किती रुपये परत घेतले, त्याची तालुकावार यादी जाहीर करावी.

आपले,
जिल्हा परिषद शाळांच्या व्यवस्थापन समित्यांचे काही सदस्य