नंबर देऊ नकोस, मीच येते

पुणे

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "राजारामपुरीची तुझी मैत्रीण आलती. बाबांना भडंग घेऊन आलती. तुझा नंबर मागत होती, देऊ काय?" मी "बघू" म्हणून फोन ठेवला. ठेवता ठेवता मागून बाबांचा आवाज आला, "आता किती वेळा?" दोन रात्री या दोन प्रश्नांतच गेल्या. हे फोनवर सांगायला गेले तर मध्येच रडू येईल, म्हणून लिहिते आहे.

बाबा, तुमचं चुकत नाही. अकरावीत आमचा वर्षभर अबोला होता. पुढं माझ्या लग्नाला ती आलीच नाही, आणि का ते आजतागायत सांगितलं नाही. मग एक दिवस फोन, जसं काही कालच गंगावेशीत दूध पिऊन घरी गेलो होतो. प्रत्येक वेळी मी बोलले. इथं मला शब्द जुळवून बोलावं लागतं, तिच्याशी कधीच लागलं नाही. नोकरीसाठी पुण्यात आल्यावर मी कोल्हापुरी "येतो, जातो" सोडून "येते, जाते" म्हणायला लागले, तेव्हा किती हिरमुसली होती! "मी येतो म्हणायचीस की गं तू," म्हणाली.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. मच्छिंद्री झाली, म्हणजे शिवाजी पुलाच्या मच्छिंद्रीच्या खुणेपर्यंत पाणी आलं, असं बाबांनी सांगितलं तेव्हा मी निर्धास्त होते. मग धोक्याची पातळी ४३ फूट असताना पंचगंगा ५५ च्याही वर गेली, शुक्रवार पेठेत पाणी आलं, शिरोलीजवळ हायवे बुडाला आणि मी इथं नुसती फोन धरून बसले. तेव्हा दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. तरी आली तीच, गुडघाभर पाण्यातून. बाबांच्या गोळ्यांचा डबा आठवणीनं उचलला. नऊ दिवस तुम्ही तिच्या घरी होता. तिच्या वडिलांनी, काकांनी, स्वतःची कॉट बाबांना दिली आणि आपण खाली सतरंजीवर झोपले. तिनं मला एका शब्दानं कळवलं नाही. तुमच्याकडून कळलं.

त्यानंतर पाच महिने रोज फोन. मी तेव्हा वेगळी राहायला लागले होते. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता, तिला सांगितलं. तिनं तिच्या आईला सांगितलं, आणि आई, तुला ते कपिलतीर्थ मार्केटमध्ये कळलं, हातात भाजीची पिशवी असताना. तू तिथंच पायरीवर बसलीस म्हणे. लेकीचा संसार मोडला हे तुला माझ्या तोंडून कळायला हवं होतं. ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. त्या दिवशी तिला फोनवर जे बोलले ते इथं लिहवत नाही. त्यानंतर मी नंबर बदलला.

इथवर तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मे २०२१ मध्ये काका कोरोनात गेले. तुम्ही मला लगेच कळवलंत, पण मी तिला फोन केला नाही. प्रवासाला बंदी होती, तेवढं कारण मला पुरलं. पण त्या दिवाळीला मी चार दिवस घरी होते. देवीला जाऊन येते असं तुम्हाला सांगून निघाले आणि रिक्षा राजारामपुरीत नेली. तिच्या गल्लीच्या तोंडाशी थांबले. काकांची जुनी लुना दाराशी उभी होती, कुणीतरी पुसून ठेवलेली. मी रिक्षावाल्याला म्हटलं, वळवा.

त्याच लुनावर काका आम्हा दोघींना नवरात्रातल्या ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचे. कोहळा फुटला की तुकड्यासाठी ही झुंबड! एकदा मी विचारलं, अंबाबाई एवढा लवाजमा घेऊन स्वतः वर का येते, टेंबलाईनं खाली जावं की. काका म्हणाले, "विजयाच्या सोहळ्याला हिला बोलवायचं राहून गेलं, म्हणून ही रुसून इथं येऊन बसली. विसरलं कोण? मग यायचं कुणी?"

दोन रात्री मला तेच ऐकू येतंय. तिनं माझी गोष्ट फोडली हे चुकलंच, आणि ते मला तिच्या तोंडून ऐकायचं आहे. पण काका गेल्यावर तिच्या दारात न जाणं माझं आहे. आधी तिनं म्हणावं, मग मी, असं धरून बसले तर आणखी पाच-सहा वर्षं अशीच जातील. आणि तिनं तर तुमच्या दारापर्यंत येऊन पाहिलं.

म्हणून आई, नंबर देऊ नकोस. हे मेसेजवर सुरू व्हायला नको. पंचमीच्या आदल्या दिवशी मी कोयना एक्सप्रेसनं येते आणि सकाळी तिच्याकडे जाते. बाबा, पूर्वीसारखं सगळं तिच्यापाशी ओतणार नाही. तिच्या पोटात गोष्ट राहत नाही. बोलणं सुरू झालंच तर ते धरूनच राहील. नाही जमलं तर काकांच्या फोटोला हार घालून परत येईन. तेवढं तरी माझ्याकडून व्हायला हवं.

बाबा, तुम्ही बरोबर आलात तर मला बरं वाटेल. गल्लीच्या तोंडापर्यंत आलात तरी चालेल.

आई, तोवर ती पुन्हा आली तर एवढंच सांग, थोरली म्हणाली, "मी येतो."

तुमची,
थोरली