कृष्णविवरांबद्दलचे प्रश्न आपल्या शिवारातले आहेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

औंढा नागनाथजवळ होणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या बातम्या आपण छापता, पण त्या बहुतेक जमिनीच्या, रस्त्याच्या आणि २,६०० कोटींच्या मंजुरीच्या असतात. तिथे नेमके काय होणार, हे वाचायला मिळत नाही. मी याच भागात विज्ञान शिकवते. पालकसभेनंतर एका शेतकरी पालकाने विचारले, ‘‘मॅडम, ते कृष्णविवर औंढ्याला बनवायलेत म्हणे. आमच्या बोअरचं पाणी ओढून घेईल का ते?’’ हा प्रश्न हसण्यावारी नेता कामा नये. ज्याच्या बांधाजवळ काम होणार, त्याने विचारलेच पाहिजे.

कृष्णविवर, म्हणजे जिच्या अगदी जवळून प्रकाशही सुटू शकत नाही अशी अतिघन वस्तू, औंढ्यात तयार होणार नाही. तिथे फक्त मोजमाप होईल. काटकोनातल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेझरचा किरण जाणार आणि टोकाच्या आरशावरून परतणार. फार दूर कुठे दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत एकत्र आली, की गुरुत्वीय लहर पसरते. ती इथे पोचली, की अवकाशच किंचित ताणले-आकसले जाते आणि आरशांमधले अंतर बदलते. हा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाएवढा! १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन यंत्रांनी तो पहिल्यांदा टिपला. ती कृष्णविवरे सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची होती, आणि टक्कर झाली होती साधारण १३० कोटी वर्षांपूर्वी. त्या यंत्रांपासून इतक्या लांब, भारतात आणखी एक यंत्र असले, की लहर आकाशात कुठून आली हे अधिक नेमके सांगता येईल. वसमत-कळमनुरीकडे जमिनीतून येणारे आवाज भूगर्भातल्या हालचालींचे आहेत. त्यांचा याच्याशी काही संबंध नाही.

कृष्णविवर सगळेच गिळत सुटते, हा समजही घट्ट बसलेला आहे. समजा, सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले, तर पृथ्वी गारठेल, पण आहे त्याच कक्षेत फिरत राहील. जे अगदी जवळ जाईल, तेच परत येणार नाही. सूर्याएवढ्या कृष्णविवराची ती सीमा केंद्रापासून जेमतेम ३ किलोमीटरवर असते. खुद्द सूर्याचे कृष्णविवर कधीच होणार नाही, तेवढे वस्तुमान त्याच्याकडे नाही.

मुलांचा आवडता प्रश्न म्हणजे, जे दिसत नाही ते आहे कशावरून? आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी एक तारा दर १६ वर्षांनी एका न दिसणाऱ्या वस्तूभोवती फेरी घालतो. त्या फेरीवरून हिशेब केला, की ती वस्तू सुमारे ४० लाख सूर्यांएवढी भरते. या कामासाठी राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ या खगोलशास्त्रज्ञांना २०२० चे नोबेल मिळाले.

हे समजावणारी माणसे परकी नाहीत. गोंगाटातून अशी क्षीण लहर वेगळी काढण्याच्या गणितावर पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ संजीव धुरंधर यांनी वर्षानुवर्षे काम केले आहे. माझी विनंती एवढीच, की आपण या विषयावर मराठीत प्रश्नोत्तरांचे सदर सुरू करावे, आणि ‘आयुका’ने औंढा, वसमत, कळमनुरीच्या जिल्हा परिषद शाळांत आणि ग्रामसभांत येऊन बोलावे, तेही बांधकाम पुरे होण्याची वाट न पाहता. मुलांचे आणि पालकांचे प्रश्न गोळा करून आपल्याकडे पाठवण्याचे काम मी करीन.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका
वसमत, जि. हिंगोली